वसईचा दगड आणि केळव्याची भरती

पालघर जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगा आणि मुलांना किनाऱ्यावरचे किल्ले शोधायला सांगा. दक्षिणेकडून निघाले की वसई, अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी रांगच लागते. सह्याद्रीतल्या गडांसारखे हे उंचावर नाहीत. बहुतेक सगळे सपाटीवर, खाडीच्या तोंडाशी किंवा तिच्या जवळपास आहेत. असे का?

निम्मे उत्तर चंद्राकडे आहे. गोव्याजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे २ मीटर असतो. मुंबईला तो ५ मीटरच्या आसपास जातो आणि खंभातच्या आखातात १० मीटरच्या घरात. उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंदावते, पुढे आखात चिंचोळे होते, म्हणून पाणी चढते. पालघरचा किनारा या दोहोंच्या मध्ये येतो. इथल्या खाड्या ओहोटीला चिखलाच्या, भरतीला गलबत आत घेणाऱ्या. गलबत केव्हा येणार-जाणार हे पाणी ठरवी. मग खाडीच्या तोंडाशी तोफ ठेवली की पहारा सोपा.

पोर्तुगिजांना वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाशी झालेल्या तहाने मिळाली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. या सगळ्या पट्ट्याला ते 'उत्तरेचा प्रांत' म्हणत आणि वसई हे त्याचे मुख्य ठाणे होते. पालघरला 'उत्तर' म्हणायचे तर बघणारा कुठे बसलेला हवा, हे मुलांना ओळखू द्या.

या प्रांताने गोव्याला एक वस्तू पुरवली, तिच्याबद्दल पाठ्यपुस्तके सहसा बोलत नाहीत. ती म्हणजे दगड. गोव्यात मुबलक मिळतो तो जांभा. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली की जांभा तयार होतो. खाणीत तो मऊ असतो, हवेत कठीण होतो. पण अंगभर भोके असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी उठत नाही. वसईकडचा काळा बेसाल्ट मात्र घट्ट व बारीक कणांचा, लाव्हा थिजून झालेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या (बांधकाम १५९४ ते १६०५) दर्शनी भागावरचे कोरीव काम या वसईच्या दगडाचे आहे, मागच्या भिंती जांभ्याच्या. दोन प्रांतांचे भूशास्त्र एकाच भिंतीत पाहायचे असेल, तर याहून चांगले ठिकाण मला ठाऊक नाही.

जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी भराभर घेतली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि प्रांत संपला.

किनाऱ्याची निवड मात्र संपली नाही. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. कोळशाच्या खाणी दूर, मुंबई आणि गुजरात दोन्ही जवळ, आणि वाफ थंड करायला समुद्राचे पाणी, ही त्यामागची कारणे. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ही नावे नसतात. मुलांना ती सांगावीत असे मला वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तिथे किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, हे त्या निवडीचे कारण. त्याच पाण्यावर पोट असलेल्या मच्छिमारांनी बंदराला विरोध केला, तोही याच भूगोलामुळे.

केळव्याचा पाणकोट जहाजाच्या आकाराचा आहे. भरतीला त्याला पाण्याचा वेढा पडतो, ओहोटीला तिथवर चालत जाता येते. सहल न्यायची तर आधी भरती-ओहोटीचे कोष्टक मुलांकडूनच पाहून घ्या, आणि पाणी वळण्याआधी सगळ्यांना मोजून किनाऱ्यावर आणा.