एका यादीची पाठचिकित्सा

१६४४ साली पॅरिसमधील धर्मसंघीय विद्वान माराँ मेर्सेन याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक विधान केले. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला असता मूळ संख्या केव्हा मिळते? घातांक २५७ पर्यंत घेतल्यास, त्याच्या मते, केवळ अकरा वेळा: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. सिद्धता त्याने दिली नाही. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळ अपुरा पडेल, असे तर तो स्वतःच म्हणतो. आणि १२७ हा घातांक देतो ती संख्या एकोणचाळीस अंकी! यादी होती ती निव्वळ शब्दप्रमाण.

१७७२ मध्ये ऑयलरने ३१ बद्दलचे विधान खरे ठरवले. पुढचे पाऊल १८७६ मध्ये एदुआर लुकाने टाकले. त्याची कसोटी अवयव शोधतच नाही. लेमरने १९३० च्या सुमारास तिला दिलेल्या सुटसुटीत रूपात आरंभ ४ पासून होतो. दर पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्यांनी शून्य उरले, तर संख्या मूळ. घातांक ५ असता, म्हणजे ३१ साठी, क्रम येतो ४, १४, ८, ०. या मार्गाने लुकाने १२७ ला मान्यता दिली आणि ६७ ला बाद केले. मात्र ६७ च्या संख्येचे अवयव कोणते, हे फ्रँक नेल्सन कोल याने १९०३ मध्ये दाखवले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

दरम्यान १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने ६१ हा घातांक मूळ संख्या देतो असे सिद्ध केले. तेव्हा काहींनी तर्क लढवला की ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा. जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना हा मोह परिचित आहे: ग्रंथकार चुकला असे म्हणण्यापेक्षा लेखनिकाला दोष देणे सोपे. पण १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ हे गाळलेले घातांक राल्फ पॉवर्सने पुढे आणले, आणि २५७ ही चुकीचा निघाला. १९४७ पर्यंत यादीची तपासणी पुरी झाली. दोन अधिक, तीन उणे: एवढ्या चुका खिळे जुळवणाऱ्याच्या माथी मारता येत नाहीत.

तरीही १२७ बद्दल मेर्सेन बरोबर होता. ती संख्या १९५१ पर्यंत ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या राहिली. पण ते सत्य मेर्सेनच्या हाती आले असे म्हणता येईल का? त्याचे विधान खरे निघाले; ते खरे का, हे लुकाला ठाऊक होते. नाव मात्र मेर्सेनचेच रूढ झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्याही 'मेर्सेन संख्या'च म्हणवते. चुकलेल्या यादीने विचारलेला प्रश्न अचूक होता, म्हणून.