गिरणीपासून पाळणाघरापर्यंत

‘बाळंतपणाची रजा’ हे शब्द आपल्या नोकरी करणाऱ्या लेकीसुना आज सहज उच्चारतात. पण ही रजा आपोआप आलेली नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका राबत. बाळंतपणासाठी घरी बसले की मजुरी बुडे. म्हणून तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवायचे आणि कामावर जायचे. आईच्याच हातून लेकराला अफू! पण दोष तिचा नव्हता. तिला दुसरा इलाजच नव्हता.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला; आपल्या देशातला असा तो पहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आली. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली.

पण बांधकामावरच्या बाईचे काय? १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच पाळणाघर काढले. काम हलले की पाळणाघरही हलायचे. १९७२ मध्ये हे कार्य मुंबईत आले, पुढे आपल्या नवी मुंबईच्या बांधकामांवरही पोचले. ज्या इमारतींत आपण राहतो त्यांच्या विटा अशाच आयांनी वाहिल्या आहेत.

कायदा डोकी मोजतो. आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई एकटीच येते. ती ना पन्नासांत, ना तीसांत. मागे आमच्या बाईंना मी उशिरावरून बोलले. मूल तापाने फणफणले होते, हे त्यांनी नंतर सांगितले. गिरणीमालकांना नावे ठेवणारी मी मनात ओशाळले. मालकीणही मालकच की!

आपल्या मंडळाची खोली दुपारी बंदच असते. तेथे चार लेकरांची सोय आपण पाळीपाळीने करू शकणार नाही का? वर्धापनदिनी एवढा विचार व्हावा, ही विनंती.