पत्ता बदलला, तरी दुकान सापडले पाहिजे : पिवळ्या पानांपासून एसईओपर्यंत

१/ वेबसाइट नवी करताना जुने पत्ते पुसले जातात आणि ग्राहकाला दुकान सापडेनासे होते. हा प्रश्न संगणकयुगाचा वाटतो. पण मुंबईच्या व्यापाऱ्यांनी दूरध्वनीच्या काळातच त्याला तोंड दिले होते.

२/ १ एप्रिल १९८६ रोजी एमटीएनएल स्थापन झाले. ग्राहकांची दूरध्वनी सूची तेच काढत असे. १९८७ पासून सूची छापण्याचे काम कंत्राटदारांना दिले गेले आणि तिच्यात जाहिरातींची पिवळी पाने आली. सूचीत नाव असणे म्हणजे बाजारात असणे, असा तो काळ.

३/ टाटा प्रेसने व्यापारी व व्यावसायिकांच्या जाहिरातींची स्वतंत्र ‘यलो पेजेस’ काढली. असा अधिकार आपलाच आहे, असे म्हणत एमटीएनएल न्यायालयात गेले. दिवाणी न्यायालयात एमटीएनएल हरले, मुंबई उच्च न्यायालयात जिंकले.

४/ १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. व्यापारी जाहिरात हाही कलम १९(१)(अ) नुसार अभिव्यक्तीचाच भाग असून ती माहिती मिळवण्याचा हक्क जनतेलाही आहे, असे न्या. कुलदीप सिंग यांच्या निकालपत्राने स्पष्ट केले. ग्राहकांच्या नजरेस पडण्याच्या व्यापाऱ्याच्या धडपडीला घटनेचा आधार मिळाला.

५/ तरीही छापील सूचीला मर्यादा होत्या. नावे वर्णानुक्रमे लागत. म्हणून आधी दिसावे यासाठी नावापुढे ‘ए-वन’ जोडण्याची क्लृप्ती निघाली. एसईओची ही पूर्वजच. शिवाय क्रमांक बदलला, की छापलेले पान निरुपयोगी.

६/ १९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत जस्टडायल सुरू केले. पश्चिम उपनगरातला ८८८ ८८८८ हा एकच क्रमांक फिरवायचा आणि हवे ते दुकान विचारायचे. पुस्तकाची जागा सतत दुरुस्त होणाऱ्या नोंदवहीने घेतली.

७/ पुढे एमटीएनएलच्या क्रमांकांआधी २ हा अंक जोडला गेला; ८८८ ८८८८ चा २८८८ ८८८८ झाला. नियम सर्वांना एकच असल्याने जुन्या क्रमांकावरून नवा कोणालाही काढता येई. वेबसाइटच्या नूतनीकरणात असा सार्वत्रिक नियम नसतो. प्रत्येक पानाचा नवा पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो.

८/ त्याची सोयही १९९६ चीच. मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ३०१ हा संकेत आहे : ‘हे पान कायमचे हलले, नवा पत्ता असा.’ तो दिला नाही, तर पाहुण्याला ४०४ दिसतो, म्हणजे पान नाही.

९/ १९९८ मध्ये गूगल आले आणि या संकेताचे मोल वाढले. इतर संकेतस्थळांनी दिलेले दुवे गूगलने पानाची पत मानले. ही पत पत्त्याला चिकटलेली असते. पत्ता मेला, तर वर्षानुवर्षांची कमाईही बुडते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी त्याच वर्षी बजावले होते, की चांगले पत्ते बदलत नसतात.

१०/ म्हणून एसईओ हा नूतनीकरणानंतर चढवायचा रंग नव्हे. तो आराखड्यातच हवा. आधी जुन्या पानांची यादी, मग प्रत्येकासमोर नवा पत्ता, मग ३०१. मजकूर चित्रात न कोंबता अक्षरांतच ठेवावा. शेवटी साइटमॅप गूगलला द्यावा आणि पुढचे काही आठवडे सर्च कन्सोलमध्ये ४०४ शोधत राहावे.

११/ स्थानिक शब्दही तितकेच महत्त्वाचे. रुळांनी दुभंगलेल्या अंधेरीत ‘पूर्व’ की ‘पश्चिम’, यावर गिऱ्हाईक येणार की नाही हे ठरते. जुन्या पानावरचा ‘बोरिवली पश्चिम, स्टेशनजवळ’ हा साधा मजकूर नव्या मांडणीत गाळला, तर शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळणारे काही उरत नाही. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप दिले. तेव्हापासून लहान पडद्याचाही विचार आला.

१२/ जस्टडायलने २००७ मध्ये इंटरनेटवर पाऊल ठेवले. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने त्यातील नियंत्रक हिस्सा घेण्याचे जाहीर केले. सूची छापील होती, तेव्हा वाद न्यायालयात नेता आला. गूगलच्या निकालात घाटकोपरच्या एखाद्या दुकानाचे नाव खाली गेले, तर दाद मागायला तशी जागा नाही. जुन्या पत्त्यांची ती यादी दुकानदाराने स्वतःच जपावी लागते.