लसीची किंमत ठरवणार कोण?

लसीचे दर रोखायला सरकारकडे कायदाच नव्हता, हे साफ खोटे आहे.

१९११ च्या ब्रिटिश कायद्यात खुद्द औषधावर पेटंट मिळे. न्या. राजगोपाल अय्यंगार समितीने १९५९ साली त्यातली लूट दाखवून दिली. १९७० च्या कायद्याने औषधावरचे पेटंट काढले, फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचे ठेवले. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मान तुकवून ते परत आणले, तरी सक्तीच्या परवान्याचे कलम ९२ आणि सरकारी वापराचे कलम १०० शाबूत राहिले.

मग एप्रिल २०२१ मध्ये काय झाले? एकच कोविशील्ड. केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० (ओरड झाल्यावर ३००), खासगी रुग्णालयांना ६००. कोव्हॅक्सिन तर आयसीएमआरच्या, म्हणजे आपल्याच पैशाच्या सहभागाने तयार झालेली. ती खासगीत १२००! ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कावर बोट ठेवत हीच कलमे केंद्राला दाखवली. केंद्राने ती वापरली नाहीत.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले होते. घटनेत आले ते कलम ४७. सार्वजनिक आरोग्य राज्याचे कर्तव्य, पण कोर्टात मागता न येणारे.

७ जूनला केंद्राने ७५ टक्के खरेदी स्वतःकडे घेतली. उरलेल्या २५ टक्क्यांत, खासगी रुग्णालयात, कोविशील्डच्या एका डोसची कमाल किंमत ठरली ७८० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २४८.