दोन चौकटींचं कूळ

खिडक्या, बटणं आणि चौकटी असलेले प्रोग्रॅम लिहायला शिकवणारं एखादं प्राथमिक पुस्तक उघडा. बहुधा पहिल्या काही पानांतच तापमान बदलून देणारा एक छोटा प्रोग्रॅम भेटतो. एकीकडे सेल्सिअस, दुसरीकडे फॅरनहाइट. कधी तो वेश पालटून येतो. ॲपलच्या जुन्या कोकोआ पाठात तो डॉलरचं परकी चलन करतो, तर टीके हे खिडक्या बांधायचं साधन शिकवणाऱ्या पाठात फुटांचे मीटर. ‘हॅलो वर्ल्ड’ या नमस्कार छापणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचं कूळ प्रोग्रॅमर मंडळींना तोंडपाठ असतं, या दुसऱ्या पोराची चौकशी सहसा कुणी करत नाही. विचारलंच, तर सगळे एकाच घराकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं असं, की ते बोट अर्धंच बरोबर आहे.

आधी सर्वज्ञात भाग उरकू. फॅरनहाइटने आपली मोजपट्टी १७२४ मध्ये मांडली, सेल्सिअसने १७४२ मध्ये, तीही उलटी : उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर. ती पुढे सुलटी झाली. आजच्या फॅरनहाइट पट्टीवर पाणी ३२ ला गोठतं आणि २१२ ला उकळतं. मधले अंश १८०, सेल्सिअसचे १००. त्यातून ९/५ हा गुणक आणि ३२ ची बेरीज आली. ही बेरीज लक्षात ठेवा. चलन किंवा फूट बदलताना नुसता गुणाकार लागतो. तापमानाला गुणाकार आणि बेरीज दोन्ही लागतात, म्हणून उलट जाताना पायऱ्यांचा क्रमही उलटा करावा लागतो.

आता ते प्रसिद्ध घर. ब्रायन कर्निगहॅन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यात ‘हॅलो वर्ल्ड’च्या पाठोपाठ येणारा प्रोग्रॅम म्हणजे ० ते ३०० फॅरनहाइट, वीस-वीसच्या टप्प्याने, शेजारी सेल्सिअस. पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीतली एक बारीक खोड पुढे पुरावा म्हणून लागणार आहे. लेखकांनी ५ ला आधी ९ ने भागलं नाही. आधी ५ ने गुणलं आणि मग ९ ने भागलं. कारण पूर्णांकांच्या हिशेबात ५ भागिले ९ म्हणजे शून्य, आणि मग सगळा तक्ताच शून्यांचा. इतकं करूनही पहिल्या तक्त्यात २० फॅरनहाइटसमोर −६ येतं. अपूर्णांक वापरल्यावर दुसऱ्या तक्त्यात ते −६.७ होतं.

पण हा तक्ता आहे. पाढ्यांच्या पुस्तकासारखा तो छापून मोकळा होतो. वाचणाऱ्याने आपली ओळ शोधायची. तक्ते छापणं हा गणनयंत्रांचा जुना धंदा. बॅबेजचं यंत्र त्यासाठीच होतं आणि एनिॲक हा संगणकही तोफांच्या माऱ्याचे तक्ते काढण्यासाठी बांधला गेला. कर्निगहॅन-रिचींचा प्रोग्रॅम त्याच वंशातला.

इथे आणखी एक दावेदार हात वर करतो : मेट्रिकवाद. डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेत मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला. त्याच वर्षी १ एप्रिलला कॅनडात हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये येऊ लागल्या, आणि कर्निगहॅन मूळचे टोरँटोचे. तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात फॅरनहाइटकडून सेल्सिअसकडे जाणारा तक्ता असावा, हा योगायोग मला वाटत नाही. दिशाच पाहा ना : ज्याच्या डोक्यात फॅरनहाइट आहे आणि ज्याला सेल्सिअस शिकायचं आहे, अशा वाचकासाठी तो आहे. मेट्रिकवाद मला मान्य आहे, पण तो विषय कुठून आला एवढंच सांगतो. खिडकी कुठून आली, हे सांगत नाही.

खिडकीच्या प्रोग्रॅमची रीतच वेगळी असते. तो वरून खाली धावून संपत नाही. उघडतो आणि वाट पाहत बसतो. माणूस टंकेल, टिचकी मारेल, खिडकी ओढेल, तेव्हा त्या त्या घटनेला उत्तर देतो. चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या १९८८ च्या विंडोजवरच्या पुस्तकात साधा नमस्कार करायलाही कित्येक डझन ओळी लागतात, कारण हा वाट पाहण्याचा सगळा संसार आधी मांडावा लागतो. आणि इतकं करून नमस्कार काही विचारत नाही. म्हणून लेखकांना असं उदाहरण हवं होतं जे एक आकडा घेईल, एक देईल आणि मध्ये थोडं गणित करील. ‘सोय म्हणून निवडलं, यात कूळ कसलं?’ असं म्हणणारेही आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न : तुमच्या पुस्तकातल्या दुसऱ्या चौकटीत लिहिता येतं का?

ही माझी कूळपरीक्षा. सन कंपनीच्या, जावातल्या खिडक्या शिकवणाऱ्या स्विंग पाठमालेतला सेल्सिअस परिवर्तक घ्या. सेल्सिअसला चौकट आहे, खाली ‘बदला’ असं बटण आहे, आणि फॅरनहाइट? ती नुसती पाटी. वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. टीकेच्या पाठात मीटर पाटीवरच येतात. कोकोआच्या चलनवाल्यातही उत्तर फक्त पाहायचं असतं. ही सगळी कर्निगहॅन-रिचींची लेकरं. तक्त्याची एक ओळ खिडकीत आणून बसवली आणि छापण्याच्या जागी बटण आलं, एवढंच.

पण दुसरं एक घराणं आहे, जिथे दोन्ही चौकटी लिहित्या असतात. डावीकडे लिहा, उजवीकडे बदलतं. उजवीकडे लिहा, डावीकडे बदलतं. बटण नाहीच. मार्टिन ओडरस्की आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या स्काला भाषेवरच्या पुस्तकात तो असा आहे. ही दुतर्फी चाल तक्त्यातून येऊच शकत नाही. तक्ता एकाच बाजूने चालतो.

ती कुठून आली? १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायच्या आणि मग सांगायचं, या दोन समान हव्यात, या दोन काटकोनात हव्यात. कसं करायचं ते सांगायचं नाही. नातं सांगायचं, ते पाळणं यंत्राचं काम. या नात्यांना बंधनं म्हणतात. आजच्या सगळ्या खिडक्यांचा मूळपुरुष स्केचपॅड, हे सगळे मान्य करतात. पण त्याच्याकडून आपण चित्रं घेतली आणि बंधनं वाटेत सांडली.

ती उचलली झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात ॲलन बॉर्निंग यांनी. स्मॉलटॉक भाषेत लिहिलेली त्यांची थिंगलॅब आणि तिच्यावरचा १९७९ चा प्रबंध म्हणजे स्केचपॅडचा थेट वारसा. आणि तिथे, गुणाकाराची एक पेटी आणि बेरजेची एक पेटी जोडून, पडद्यावर काय बांधलेलं आहे? तापमानाचा परिवर्तक! कुठल्याही टोकाला आकडा बदला, दुसरं टोक जुळवून घेतं. या शोधात मला सगळ्यात चकित केलं ते याने. बंधनं दाखवायला तापमानाइतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही, कारण त्यात गुणाकारही आहे आणि बेरीजही.

एबलसन आणि ससमन यांचं एमआयटीचं गाजलेलं पाठ्यपुस्तक १९८५ मध्ये आलं. त्यातही बंधनांच्या विभागात हेच समीकरण आहे : ९ गुणिले सेल्सिअस बरोबर ५ गुणिले (फॅरनहाइट उणे ३२). सेल्सिअसला २५ द्या, फॅरनहाइट ७७ होतं. तशातच फॅरनहाइटला २१२ द्यायला गेलात, तर यंत्र विसंगती असल्याचं सांगून अडतं. आधी २५ विसरायला सांगा, मग २१२ द्या. सेल्सिअस १०० होतं. लेखकांनी टीप देऊन स्केचपॅड आणि बॉर्निंग या दोघांचंही ऋण मान्य केलं आहे. वंशावळ त्यांच्याच हातची आहे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा, तोही मीच देतो. स्कालाच्या त्या दुतर्फी प्रोग्रॅममधलं गणित पाहा : ३२ वजा करा, ५ ने गुणा, मग ९ ने भागा, तेही पूर्णांकांत. म्हणजे तीच १९८८ ची खोड! चाल सदरलंडच्या घराण्याची, आकडेमोड कर्निगहॅन-रिचींची. माझा निष्कर्ष : हे पोर दोन्ही घरांचं आहे, आणि त्याची सगळी दुखणी या सोयरिकीतून आली आहेत.

दुखणं म्हणजे काय ते करून पाहा. आपल्याकडे हवेचा पारा सेल्सिअसमध्ये चढतो, पण अंगातला ताप अजून फॅरनहाइटमध्येच सांगितला जातो, तेव्हा तापाचंच उदाहरण घेऊ. समजा दोन्ही चौकटी आंधळेपणाने एकमेकींना उत्तर देत राहिल्या. १०२ लिहा. पूर्णांकी गणिताने ३८ येतं. ३८ उलट फिरवलं की १००. शंभराचे ३७, त्याचे ९८. पुढे ३६ आणि ९६, मग ३५ आणि ९५. तिथे गाडी थांबते, कारण ९५ आणि ३५ यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी चोख जुळतो. औषधाविना ताप सात अंशांनी उतरला! तक्त्यात हे घडत नाही, कारण तिथे परतीची वाट नसते. छाटलेला अपूर्णांक एकदाच सांडतो. दुतर्फी चौकटीत तो प्रत्येक फेरीला सांडतो.

स्कालाच्या लेखकांनी हे टाळलं, कारण त्यांची चौकट माणसाने लिहिणं संपवल्यावरच बोलते. प्रत्येक अक्षरागणिक उत्तर द्यायला गेलात तर स्विंग वेगळा दणका देतं : एका चौकटीतला मजकूर बदलल्याची वर्दी चालू असतानाच फिरून तिलाच बदलायला गेलात, तर ते थेट अपवाद फेकतं. २०१४ मध्ये ऑयगेन किस यांनी खिडक्यांचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धती तोलण्यासाठी सात कसोट्या ठरवल्या. त्यांतली दुसरी हीच, दोन्ही चौकटी लिहित्या असलेली, आणि त्यांनी तिचं मूळ म्हणून स्कालाच्याच पुस्तकाचं नाव घेतलं. शेवटची कसोटी आहे छोटी स्प्रेडशीट. म्हणजे नवशिक्याचं उदाहरण आज जाणत्यांची परीक्षा घेतं.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांना माझी विनंती. तुमच्या पुस्तकात ‘बदला’ असं बटण असेल, तर पाठ पुरा करा आणि मग ते काढून टाका. पाटीच्या जागी चौकट बसवा. तापमान दोन जागी ठेवू नका. ते एकदाच, अपूर्णांकासह, चौकटींच्या मागे ठेवा आणि दोन्ही चौकटींना त्याचं दर्शन तेवढं घडवू द्या. त्रिग्वे रीन्सकाऊ यांनी १९७८-७९ मध्ये त्याच झेरॉक्स पार्कमध्ये मॉडेल (माहिती) आणि व्ह्यू (तिचं दर्शन) वेगळे केले, त्याचं मर्म हेच. ज्या चौकटीत माणूस टंकतो आहे तिला हात लावू नका. आकड्यांऐवजी अक्षरं टंकली तर दुसरी चौकट होती तशीच राहू द्या. मग १०२ लिहा. उजवीकडे ३८.९ आलं आणि डावीकडे १०२ कायम राहिलं, तर खुशाल पुढचं प्रकरण उघडा.