वऱ्हाडातील मतदार आणि यात्रेकरू

चिखली तालुक्यातील उंद्री ज्या वऱ्हाडात मोडते, तेथे इमादशाही स्थापन करणारा फतहउल्ला जन्माने हिंदू होता; पुढे निजामाचा अंमल आला आणि १८५३ च्या तहान्वये मुलूख कंपनी सरकारकडे गेला. धर्मावरून मतदार मोजण्याची राजनीती मात्र १९०९ च्या कायद्याने आणली, आणि लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिलेल्या १९१६ च्या लखनौ कराराने वऱ्हाड ज्याला जोडला होता त्या मध्यप्रांताच्या कौन्सिलात मुसलमानांना शेकडा १५ जागा ठरल्या. लोकमान्यांचे ते औदार्य मला वंदनीय वाटते. परंतु १९०९ च्या कायद्यातील विभक्त मतदारसंघांनी शेजाऱ्याची जमात केली. १९४९ साली घटना समितीने अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द केल्या, त्यास ख्रिस्ती उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी यांनी मनःपूर्वक संमती दिली. इकडे उंद्रीच्याच जिल्ह्यात सूफी संत सैलानीबाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते, पिंपळगाव सराईहून संदल निघतो, आणि हिंदू यात्रेकरूही नवस फेडतात.