अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष : काम काय, निवड कशी?



भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांना उपराष्ट्रपती म्हटले की राज्यसभेच्या सभापतींची खुर्ची आठवते. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्षही सिनेटचा पदसिद्ध अध्यक्ष असतो, म्हणून दोन्ही पदे सारखीच असे आपण धरून चालतो. साम्य जवळजवळ तिथेच संपते. इथले नागरिकत्व घेऊन पहिल्यांदा मतदानाला जाणाऱ्यांनी फरक लक्षात घ्यायला हवा.

भारतात ही निवडणूक स्वतंत्र होते. दोन्ही सभागृहांचे खासदार गुप्त मतदान करतात, आमदारांना मत नसते. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले, तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. कायमचे पद मिळवायला त्यांना निवडणूक लढवावी लागली. भारताच्या घटनेप्रमाणे ती सहा महिन्यांत घ्यावीच लागते.

अमेरिकेत मधली निवडणूक नाहीच. उपराष्ट्राध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पुरता राष्ट्राध्यक्ष होतो. १८४१ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसन महिन्याभरातच वारले. घटनेतले शब्द तेव्हा संदिग्ध होते, पण जॉन टायलर 'हंगामी' म्हणवून घ्यायला तयार झाले नाहीत आणि तीच प्रथा पडली. ती घटनेत लिहिली गेली १९६७ च्या २५व्या दुरुस्तीने! आजवर नऊ जण असे राष्ट्राध्यक्ष झाले, आठ मृत्यूमुळे आणि जेराल्ड फोर्ड १९७४ मध्ये निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. फोर्ड यांची गोष्ट तर आणखी न्यारी. १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले, निक्सननी त्यांचे नाव सुचवले आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. म्हणजे दोन्हींपैकी एकाही पदावर ते निवडणुकीने आले नव्हते.

नोव्हेंबरात आपण जी खूण करतो ती जोडीला असते. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपराष्ट्राध्यक्ष दुसऱ्याचा, अशी निवड करता येत नाही. ते मत प्रत्यक्षात जाते आपल्या राज्याच्या इलेक्टर्सना. एकूण ५३८ इलेक्टर्स डिसेंबरात दोन्ही पदांसाठी वेगवेगळे मत देतात, जिंकायला २७० लागतात. पूर्वी वेगळे मत नव्हते. त्यामुळे १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावे लागले. १८०४ च्या १२व्या दुरुस्तीने हा घोळ मिटवला.

सिनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्षाला मत मिळते ते फक्त समसमान मते पडल्यावर. कमला हॅरिस यांनी २०२१ ते २०२५ या काळात असे मत ३३ वेळा दिले, हा विक्रम आहे. ६ जानेवारीच्या मतमोजणीत मात्र उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ औपचारिक असल्याचे २०२२ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न. ग्रीन कार्डावरून नागरिक झालेल्याला नऊ वर्षांनी सिनेटर होता येते, पण ही दोन पदे जन्मसिद्ध नागरिकासाठीच आहेत. वय किमान ३५ आणि देशात १४ वर्षे वास्तव्य हवे. म्हणजे आपल्याला नाही, पण इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना नक्की! हॅरिस यांची आई श्यामला गोपालन भारतातून शिकायला आली होती; मुलीचा जन्म १९६४ मध्ये ओकलंडला झाला.